मेला गडी उठतो का? हुतुतूतल्या मरणाची गोष्ट

१/
परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटाच्या सागवनात शिरतो आणि बऱ्याच वळणांनंतर सेमाडोह लागते. जवळून सिपना नदी वाहते, भोवती व्याघ्रप्रकल्पाचे अरण्य, वस्ती मुख्यतः कोरकूंची. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिथे थांबलो होतो. मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून साहजिकच मैदानाकडे लक्ष गेले. पायाने ओढलेली मध्यरेषा, दोन्ही बाजूंना पाच-सहा मुले, आणि हुतुतू. त्यातला सर्वांत लहान मुलगा पहिल्याच पकडीत बाद झाला, कडेच्या दगडावर जाऊन बसला आणि पुढचा बराच वेळ तिथेच बसून राहिला. त्याचे भिडू मारत होते, मरत होते. पण त्याला कोणी परत बोलावले नाही. त्या मुलांचा नियम साधा होता: मेला तो मेला, अख्खा संघ संपेपर्यंत.

आजचा धागा त्या दगडावर बसलेल्या मुलाविषयी आहे.

२/
व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुण मित्रांना हा वाद ठाऊक असेल. खेळातले आपले पात्र मेले तर ते कायमचे मरावे, की काही क्षणांत पुन्हा उभे राहावे? एक पक्ष म्हणतो, मरणाची भीती नसेल तर जगण्याला किंमत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, चाळीस तासांची मेहनत एका चुकीने मातीला मिळत असेल तर तो खेळ कसला, ती शिक्षा झाली. हा वाद संगणकाबरोबर जन्मला अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो महाराष्ट्राच्या मातीच्या मैदानांवर खेळला गेला, त्यावर नियम लिहिले गेले, त्याचा निकालही लागला. त्या निकालाचे नाव आहे ‘संजीवनी’. आणि ज्या मंडळाने हा खेळ प्रथम समुद्रापार नेला ते सेमाडोहच्याच जिल्ह्यातले, अमरावतीचे.

३/
आधी भाषेकडे पाहू, कारण भाषा कधी खोटे बोलत नाही. क्रिकेटमध्ये फलंदाज ‘बाद’ होतो. खो-खोत पळणारा ‘बाद’ होतो. हुतुतूत मात्र जुनी माणसे गडी ‘मेला’ म्हणत, ‘मारला’ म्हणत, आणि परत आला की ‘उठला’ किंवा ‘जिवंत झाला’ म्हणत. आजही कबड्डीचे समालोचन मराठीत ऐकले तर ‘एक गडी जिवंत’ हे शब्द सहज कानी पडतात. यात कोणाला काही भयंकर वाटत नाही. खेळातल्या मरणाला मरण म्हणण्याची लाज आपल्या भाषेने बाळगली नाही, म्हणून त्या मरणाचे काय करायचे याचाही विचार तिने मोकळेपणाने केला.

४/
हुतुतूचे म्हणजेच कबड्डीचे तीन जुने प्रकार सांगितले जातात. नावे नीट ध्यानात ठेवा, पुढचा सारा विचार त्यांवर उभा आहे.

गामिनी: मेलेला गडी बाहेर जातो आणि त्याच्या संघातला शेवटचा गडी मरेपर्यंत बाहेरच राहतो. समोरचा अख्खा संघ मारला की एक गुण. असे पाच किंवा सात गुण जो आधी मिळवील तो जिंकला. वेळेचे बंधन नाही.

संजीवनी: मेलेला गडी बाहेर जातो, पण त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. एकास एक. सामना ठरलेल्या वेळेपुरता.

अमर: गडी मरतच नाही. त्याला मारल्याबद्दल प्रतिपक्षाला गुण मिळतो, पण तो मैदानातच उभा राहतो आणि खेळ पुढे चालतो.

५/
आता व्हिडिओ गेमच्या जगात जाऊन पाहा. तीनही प्रकार तिथे जसेच्या तसे सापडतील. १९८० च्या सुमारास अमेरिकेत विद्यापीठीय संगणकांवर ‘रोग’ नावाचा खेळ आला. तळघरात उतरायचे, राक्षसांशी लढायचे, आणि मेलात तर सारे संपले; साठवून ठेवलेला खेळ पुन्हा उघडून वाचण्याची वाटही त्याने बंद केली होती. मेल्यावर पडद्यावर अक्षरांनी काढलेला थडग्याचा दगड दिसे. ही गामिनी, आणि तीही कडक. १९८७ चा ‘नेटहॅक’ याच वंशातला. याच्या उलट टोकाला असे असंख्य खेळ आहेत ज्यांत पात्र पडले की डोळ्यांचे पाते लवण्याआधी उभे राहते, फक्त गुणफलक बदलतो. तो अमर. आणि पबजीत ‘नॉक’ झालेला भिडू रांगत राहतो, साथीदाराने वेळेत येऊन ‘रिव्हाइव्ह’ केले तर उठतो, नाहीतर संपतो. यात संजीवनीचा अंश आहे: तुझे जगणे तुझ्या हातात नाही, तुझ्या भिडूच्या हातात आहे.

६/
एक महत्त्वाचा बारकावा इथेच सांगून टाकतो. गामिनीतले मरण तरी ‘कायमचे’ होते का? नव्हते. संघ पूर्ण मेला की सगळे उठत आणि नवा डाव सुरू होई. म्हणजे ‘कायमचे’ हा शब्द नेहमी कुठल्यातरी चौकटीपुरता असतो. हुतुतूत ती चौकट एका डावाची, पबजीत साधारण अर्ध्या तासाच्या एका सामन्याची, नेटहॅकमध्ये कित्येक आठवड्यांच्या प्रवासाची, माइनक्राफ्टच्या ‘हार्डकोर’ प्रकारात तुम्ही बांधलेल्या अख्ख्या जगाची. वाद घालणारे बहुतेक लोक मरणावर भांडतात. खरे भांडण चौकट केवढी असावी यावर असते. हे एकदा लक्षात आले की अर्धा कलह आपोआप शमतो. उरलेला अर्धा मात्र खरा आहे.

७/
आता इतिहास. कबड्डीचे मूळ महाभारतात शोधण्याची आपल्याकडे फार हौस. अभिमन्यू चक्रव्यूहात एकटा शिरला म्हणून तो पहिला चढाईपटू, असे मोठ्या व्यासपीठांवरून सांगितले जाते. उपमा म्हणून सुरेख आहे, पुरावा म्हणून शून्य. खेळ लोकांचा होता, गावोगावी त्याचे नाव निराळे होते: महाराष्ट्रात हुतुतू, तमिळ प्रदेशात चडुगुडू, बंगालमध्ये हा-डू-डू. गडी किती, मैदान केवढे, मेलेल्याचे काय करायचे, हे सारे त्या त्या गावच्या रिवाजावर. दोन गावांची गाठ पडली की खेळाआधी वाद व्हायचाच.

८/
हा गोंधळ मोडण्याचे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रात सुरू झाले. १९१८ पासून हुतुतूला एकसारखे नियम बांधण्याचे प्रयत्न झाले, १९२३ मध्ये ते नियम छापून बाहेर पडले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा भरली. पुण्याचे डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचे हिंदविजय जिमखाना ही या कामातली मोठी नावे. तो काळच तसा होता. लोकमान्यांच्या पिढीने शरीर कमावणे हे राष्ट्रकार्य मानले होते. आखाडे, जिमखाने, व्यायामशाळा यांचे जाळे पसरत होते. पुढे बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. मातीतल्या खेळांना शास्त्राची प्रतिष्ठा देण्याची ती धडपड होती.

९/
आणि अमरावती. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, तिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. वऱ्हाडातली ही संस्था आज शारीरिक शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. पण इतिहासाच्या पुस्तकात तिची जागा पक्की झाली ती १९३६ मुळे. त्या वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने जर्मनीत जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यात हुतुतू होता. कबड्डीचे हे पहिले आंतरराष्ट्रीय दर्शन मानले जाते. क्षणभर ते चित्र डोळ्यांपुढे आणा: आर्थिक बळ बेताचे असलेली, परकी सत्तेखालच्या देशातली एक वऱ्हाडी व्यायामशाळा, आणि समोर त्या काळातले सर्वांत भपकेबाज क्रीडासंमेलन. ज्या खेळाला ना चेंडू लागतो ना दांडू, फक्त श्वास आणि सोबती लागतात, तो तिथे खेळून दाखवायचा.

१०/
१९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन होऊन त्याने प्रमाण नियम तयार केले. पुढची कथा ठाऊकच आहे: १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ, २०१४ पासून प्रो कबड्डी. महासंघाच्या नियमांनी जो प्रकार खेळला जातो तो संजीवनी. गामिनी आणि अमर गावांकडे, गल्ल्यांकडे आणि आठवणींकडे राहिले.

११/
संजीवनीच का जिंकली? यावर माझे उत्तर असे आहे.

पहिले कारण रूक्ष आहे, पण सर्वांत बळकट: घड्याळ. गामिनीला वेळेची सीमा नाही. दोन तुल्यबळ संघ असतील तर सात गुणांचा सामना तिन्हीसांजेपर्यंत रेंगाळेल. गावच्या जत्रेत ते चालते. पण पंधरा-वीस संघ लांबून आले आहेत, रात्रीच्या गाडीने परतायचे आहे, पंचांना पुढचा सामना लावायचा आहे, तिथे ते चालत नाही. स्पर्धा म्हटली की वेळापत्रक आले, आणि वेळापत्रक आले की गामिनी गेली.

१२/
दुसरे कारण गणिताचे. सात विरुद्ध सात असा गामिनीचा डाव मनातल्या मनात खेळून पाहा. एका संघाचे तीन गडी लवकर मेले. आता चौघांना पकड करायची आहे. साखळी धरायला हात कमी, कोपरे उघडे. आत आलेला चढाईपटू सहज एखाद्याला टिपून जातो. उरले तीन. आता चढाईला जाणाराही दमलेला, कारण पाळी लवकर लवकर येते. जो हरतो आहे तो अधिक वेगाने हरतो. पहिल्या पाच मिनिटांत झालेल्या चुकीचा निकाल नंतरची वीस मिनिटे फक्त वाचून दाखवला जातो. बुद्धिबळात हेच होते. पण बुद्धिबळात हरणारा राजीनामा देऊन उठू शकतो. हुतुतूत तसे उठून जाणे भेकडपणाचे मानले जाई.

संजीवनीत प्रत्येक यशस्वी पकड दोन कामे करते: समोरचा एक कमी, आपला एक जास्त. दोनच गडी उरलेला संघ तीन चांगल्या पकडींनंतर पुन्हा पाचांचा होतो. सामन्याची पारडी शेवटपर्यंत हलती राहतात. प्रेक्षकाला आणखी काय हवे?

१३/
तिसरे कारण मला सर्वांत जवळचे वाटते. व्यायामशाळेच्या दृष्टीने पाहा. तुम्हाला मुलांची शरीरे कमवायची आहेत. गामिनीत सर्वांत आधी कोण मरतो? जो सर्वांत दुबळा, सर्वांत नवखा, ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त. तो कडेला बसतो. आणि जो आधीच बलवान आहे तो सर्वांत जास्त वेळ खेळतो, आणखी बलवान होतो. ज्या खेळाने दुर्बळाला सबळ करायचे तोच त्याला बसवून ठेवतो. शारीरिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोणत्याही माणसाला ही विसंगती टोचल्याशिवाय राहणार नाही. खो-खोने ही अडचण आपल्या परीने सोडवली आहे: पळणारे तिघा-तिघांच्या तुकडीने आत येतात, आणि सगळे बाद झाल्यावरही वेळ उरला असेल तर तीच मंडळी त्याच क्रमाने पुन्हा पळतात.

१४/
संजीवनीतला क्रमाचा नियमही असाच पाहण्याजोगा आहे. कोण जिवंत होणार हे कर्णधार ठरवत नाही. जो आधी मेला तो आधी उठतो. विचार करा, निवड करण्याची मुभा असती तर काय झाले असते? प्रत्येक वेळी संघाचा हुकमी चढाईपटूच उठवला गेला असता आणि तो लहानगा दगडावरच बसून राहिला असता. रांगेच्या एका साध्या नियमाने ती शक्यता संपवली. बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाने मात्र कोणी जिवंत होत नाही. गुण मिळतो, माणूस मिळत नाही. आणि अख्खा संघ मेला की ‘लोण’: प्रतिपक्षाला दोन गुण अधिक, आणि मेलेले सगळे एकदम उठून दहा सेकंदांत पुन्हा मैदानात. एक संपूर्ण पराभव, आणि लगेच संपूर्ण पुनर्जन्म. गामिनीचा डाव संजीवनीच्या पोटात असा शिल्लक आहे.

१५/
आता नावाकडे वळू. संजीवनी विद्येची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि ती नीट वाचली तर ती खेळाच्या नियमांविषयीची कथा वाटते. देव आणि असुर लढत आहेत. असुरांचे गुरू शुक्राचार्य संजीवनी जाणतात. दिवसभरात मेलेला असुर संध्याकाळी उठून उभा राहतो. देवांचे गुरू बृहस्पती ती विद्या जाणत नाहीत. मेलेला देवपक्षाचा वीर मेलेलाच. म्हणजे एक बाजू संजीवनी खेळते आहे आणि दुसरी गामिनी! असा सामना कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

१६/
मग देव बृहस्पतीचा पुत्र कच याला शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून पाठवतात. असुर त्याला मारतात. शुक्रकन्या देवयानीच्या आग्रहाने तो उठतो. पुन्हा मारतात, पुन्हा उठतो. तिसऱ्या वेळी जाळून त्याची राख मद्यात मिसळतात आणि ते मद्य खुद्द शुक्राचार्यांना पाजतात. आता कच उठला तर गुरूचे पोट फुटणार. तेव्हा शुक्राचार्य पोटातल्या कचाला विद्या शिकवतात. तो बाहेर येतो, आणि मेलेल्या गुरूला त्याच विद्येने उठवतो. देवयानीच्या शापाने कचाला स्वतः ती वापरता येत नाही, पण तो ज्याला शिकवील त्याला येते. दोन्ही बाजूंना विद्या मिळते, सामना बरोबरीचा होतो. याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ १९१३ मध्ये रंगभूमीवर आले होते. हुतुतूचे नियम बांधले जात होते तेव्हा ‘संजीवनी’ हा शब्द मराठी कानांना ताजा होता, एवढेच म्हणेन. त्यापुढे उडी मारणे इतिहासाला शोभणार नाही.

१७/
घरातल्या खेळांतही मरणाचा हा हिशेब आहे. सोंगट्यांत मारलेली सोंगटी पुन्हा आरंभापासून निघते. जीव परत मिळतो, पण चाललेली वाट पुसली जाते. लुडोत आजही हेच होते. बुद्धिबळात मेलेला मोहरा डबीत जातो.

सर्वांत विलक्षण मात्र मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते, हाती असलेले पट त्या मानाने पुष्कळ अलीकडचे आहेत. सापाच्या तोंडी गेलात की खाली पडता आणि पुन्हा खेळता. पुन्हा पुन्हा खेळावे लागणे हीच तिथली शिक्षा. वरच्या शेवटच्या घरात पोचलात की परत यायचे नाही, आणि तोच विजय. ज्या पटावर कायमचे जाणे म्हणजे जिंकणे, असा खेळ आपल्या घरोघरी होता! पाश्चात्त्य गेमरांचा ‘कायमचे मरण की पुनर्जन्म’ हा वाद मोक्षपट खेळलेल्या एखाद्या आजीला सांगितला असता तर ती म्हणाली असती, तुमचा प्रश्नच उलटा आहे.

१८/
थोडे मेळघाटाविषयी. कोरकूंची भाषा मुंडा कुळातली, त्या कुळाची पश्चिमेकडची सीमा. त्यांच्याकडे मृताचा अंत्यविधी दफनाने पुरा होत नाही. पुढे सवडीने ‘सिडोली’ हा विधी करावा लागतो. तेव्हाच मृत पूर्वजांच्यात सामील झाला असे मानतात. त्याच्या नावाने लाकडी स्मृतिफळी घडवून उभी करण्याची रीत आहे. तीवर चंद्र, सूर्य, घोडेस्वार अशी चित्रे कोरलेली असतात. खेळाच्या चर्चेत हे आणताना मन कचरते, कारण तिथले मरण खरे असते आणि दुःखही खरे. तरीही सांगतो: मेलेला माणूस कुठे पोचला हे जिवंतांच्या कष्टांवर अवलंबून असते, ही कल्पना त्या रानात माझ्या आधी कित्येक पिढ्या राहत आलेली आहे.

१९/
परत पडद्याकडे. सेमाडोहच्या पुढे, त्याच रस्त्यावर हरिसाल आहे. २०१६ मध्ये ते ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. पबजी मोबाईल २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये तोच खेळ भारतीय नावाने परतला. (बंदी येऊन पुन्हा जिवंत झालेला खेळ! संजीवनीचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.) तेव्हा या गावांतल्या मुलांना हा वाद परका आहे असे समजण्याचे कारण नाही.

व्हिडिओ गेमच्या इतिहासातही घड्याळाचा आणि पैशाचा हात दिसतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या काळात यंत्रात नाणे टाकून खेळ चाले. खेळाडूने मेले पाहिजे, नाहीतर पुढचे नाणे पडणार नाही. पण फार लवकर मरताही कामा नये, नाहीतर तो चिडून निघून जाईल. मोजके ‘जीव’ हा त्यावरचा तोडगा. म्हणजे तिथल्या मरणामागे तत्त्वज्ञान नव्हते, गल्ला होता. आपल्या गामिनीच्या अंतामागे वेळापत्रक होते तसेच.

२०/
जपानमध्ये १९९० साली ‘फायर एम्ब्लेम’ नावाची खेळमालिका सुरू झाली. तुमच्या सैन्यातला जो योद्धा मेला तो उरलेल्या कथेत परत येत नाही. प्रत्येकाला नाव, चेहरा, स्वभाव; त्यामुळे मरण लागते. पण खेळाडूंनी काय केले? एखादा योद्धा मेला की सरळ यंत्र बंद करून तो अध्याय पहिल्यापासून खेळायचे. नियम कायमच्या मरणाचा, वागणूक अमरत्वाची. अखेर २०१० पासून त्या मालिकेत असा पर्याय देण्यात आला की लढाईत पडलेला योद्धा पुढच्या लढाईत परत येईल. ज्याला हवी त्याने गामिनी खेळावी, ज्याला नको त्याने संजीवनी.

मैदानावर हे शक्य नसते, हे ध्यानात घ्या. एकट्याच्या खेळात प्रत्येकाला आपला नियम निवडता येतो. चौदा जणांच्या खेळात नियम एकच असतो, आणि तो ठरवताना कोणीतरी दगडावर बसणारच.

२१/
संजीवनीने काही गमावले नाही असे मात्र नाही. गामिनीत प्रत्येक चढाईचे ओझे निराळे होते. दम घेऊन मध्यरेषा ओलांडताना गड्याला माहीत असे की चूक झाली तर आजचा माझा खेळ बहुधा संपला. तो धसका संजीवनीत बोथट होतो. आधुनिक नियमकर्त्यांनाही ही उणीव जाणवली असावी, कारण त्यांनी धसका निराळ्या वाटेने परत आणला: तीस सेकंदांची चढाई, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’, तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक गुण अधिक. कायमचे मरण काढून टाकले आणि त्याची भीती सेकंदांत वाटून दिली.

आणखी एक गोष्ट. आजच्या कबड्डीत कायमचे मरण अजिबात उरलेले नाही असे नाही. लाल कार्ड मिळालेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही; कितीही गडी मारले तरी तो उठत नाही. म्हणजे कमी पडलेल्याला, चुकलेल्याला, दुबळ्याला खेळ परत घेतो. उद्दामपणा करणाऱ्याला घेत नाही. मरण कोणाला द्यायचे याचा इतका नेमका विवेक मी कोणत्याही व्हिडिओ गेममध्ये पाहिलेला नाही.

२२/
माझा कौल संजीवनीला. कारण दयेचे नाही, नाट्याचे आहे. गामिनीत शेवटचा उरलेला गडी एकटा असतो आणि एकटाच राहतो. त्याने दोन मारले, तीन मारले, तरी तो एकटाच. संजीवनीतला शेवटचा गडी चढाईला जातो तेव्हा कडेला सहा जण उभे राहून त्याच्या दमाकडे डोळे लावून बसलेले असतात. त्याचा हात कोणाला लागला की त्यांतला एक आत धावतो. दोघांना लागला तर दोन. एका श्वासावर इतक्यांचे जिणे टांगलेले, असा प्रसंग मला तरी दुसऱ्या खेळात दिसत नाही.

२३/
आणि अमर? तो प्रकार मागे का पडला, याचा विचार सेमाडोहला बसूनच सुचला. मराठी मुलांच्या खेळात अमर गड्याला एक नाव आहे: कच्चा लिंबू. फार लहान असतो, कोणाचे तरी धाकटे भावंड असते, घेतले नाही तर रडेल, म्हणून घेतलेला. त्याला कोणी बाद करत नाही. तो मैदानभर धावतो, ओरडतो, हात लावतो, आणि कशाचाच हिशेब होत नाही. तो मरू शकत नाही, कारण तो खेळातच नसतो. हुतुतूच्या अमर प्रकारात निदान समोरच्याला गुण तरी मिळतो. कच्च्या लिंबाला तेवढाही मान नाही. ज्यांनी बालपणी हे नाव सोसले आहे त्यांना त्याची चव अजून आठवत असेल. मला आठवते.

२४/
त्या संध्याकाळी डाव संपला, सगळे उठले, नवा डाव मांडला गेला. दगडावरचा मुलगा धावत आला. मोठ्या मुलांपैकी एकाला त्याची कणव आली असावी. तो म्हणाला, याला कच्चा लिंबू घेऊ, म्हणजे बसावे लागणार नाही. लहानग्याने मान हलवली. नाही म्हणाला. मग रेषेपाशी जाऊन उभा राहिला, दम भरला आणि पहिली चढाई स्वतः मागून घेतली.

चौथ्या पावलाला पकडला गेला. कपडे झटकले, आणि पुन्हा त्या दगडावर जाऊन बसला.